जात्याचा खर्ज आणि चार तारांचे वाद्य

भजनाच्या दिवशी माझ्या मांडीवर जे लहानसे वाद्य असते त्याबद्दल मंडळातील भगिनी आणि शेजारपाजारच्या बायका पुष्कळ प्रश्न विचारतात. ही गिटार आहे का? एवढ्याशा वाद्यातून एवढा भरदार आवाज कसा निघतो? त्याच्या तारा रबरासारख्या का? आणि सर्वांत अधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "काकू, या वयात हे कशाला?" पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देता येतात व ती पुढे येतीलच. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्या एकटीचे नाही. ते आपल्या आज्यापणज्यांच्या माजघरापासून सुरू होते आणि मिरज, कलकत्ता, जपान, हवाई बेटे अशी मोठी यात्रा करून आपल्या ईट गावी येऊन पोचते. मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत तीच हकीकत सांगावी असे योजले आहे.

वाद्याचे नाव युकुलेली बेस. लांबी अडीच फुटांच्या आसपास, तारा चार, वजन एखाद्या भरल्या तांब्याहून फारसे जास्त नाही. त्याचे काम एकच, गाण्याखाली खर्ज धरणे. खर्ज म्हणजे खालच्या सप्तकातला जाड, घुमणारा सूर. घराला जसा पाया, तसा गाण्याला खर्ज. पाया कोणी पाहात नाही, परंतु तो नसेल तर भिंत उभी राहात नाही. गाणाऱ्या बाईचा आवाज उंच जातो, पेटी तिच्या मागे धावते, टाळ वाजतात. आणि या सर्वांच्या खाली कोणीतरी स्वस्थपणे एकच सूर धरून बसलेले असावे लागते. आम्हां बायकांच्या गाण्यात ते काम पूर्वी कोण करीत असे, हा प्रश्न मला पडला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी जात्यापाशी येऊन थांबले.

आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात ज्वारी हेच मुख्य धान्य. दोन वेळच्या भाकरीसाठी रोज दळण हवे, आणि ते पहाटे, घर जागे होण्याच्या आधी. दोन बायका समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला दोघींचे हात लागत आणि वरची तळी फिरू लागे. दगडावर दगड फिरला की एक घरघर सुरू होई. ती घरघर म्हणजे काही गवयाचा नेमका षड्ज नव्हे. तरी तिला एक स्थिरपणा असे, एक लय असे, आणि मुख्य म्हणजे ती खालची असे. त्या घरघरीवर ओवी बसे. माहेर, भाऊ, पंढरीचा विठोबा, सासरचा जाच, मूल, पाऊस, सारे काही ओवीत येई. कारण त्या वेळी ऐकणारे दुसरे कोणी जागे नसे. संत जनाबाई मूळची गंगाखेडची, म्हणजे आपल्या मराठवाड्याचीच. तिच्याबरोबर प्रत्यक्ष विठोबा दळू लागला अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. देवानेसुद्धा बाईला सोबत करावयाची ती जात्यापाशी, यातच त्या दगडाचे मोठेपण आहे.

हे गाणे किती मोठे होते याची कल्पना यावी म्हणून सांगते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघा अभ्यासकांनी महाराष्ट्रातील शेकडो गावे हिंडून बायकांच्या मुखातून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. कोणत्याही एका कवीची एवढी रचना नाही. ही सारी रचना ज्यांनी केली त्यांतील बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती आणि त्यांच्या हाती एकही वाद्य नव्हते. जाते हेच त्यांचे वाद्य, आणि ते वाजविणे म्हणजे घाम गाळणे.

पुढे विसाव्या शतकात गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. प्रथम तेलाच्या इंजिनावर आणि मग विजेवर त्या चालू लागल्या. जाते अंगणाच्या कोपऱ्यात गेले, आणि आता ते लग्नात हळद दळण्यापुरते बाहेर निघते. याबद्दल हळहळ करणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या बाईने दररोज पहाटे पायली-पायली दळले आहे तिला विचारा, ती गिरणीला दुवाच देईल. खांदे दुखणे गेले, झोप मिळाली, मुलींना शाळेत जावयास सवड झाली. परंतु कष्टांबरोबर आणखी एक गोष्ट गेली व ती गेल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नाही. ओवीखालचा तो घुमणारा सूर गेला. ओवी एकटी पडली, आणि हळूहळू तीही गप्प झाली.

मग वाद्ये नव्हती का? होती, आणि आमच्या जिल्ह्यात तर ती पावलोपावली होती. तुळजापूरच्या भवानीचा हा प्रदेश. गोंधळ्याचा संबळ सर्वांच्या ओळखीचा. त्याच्या दोन भांड्यांपैकी एक बारीक बोलते आणि दुसरे खालच्या आवाजात घुमते. शेजारी तुणतुणे असते. लाकडाचे पोकळ नळकांडे, खाली चामडे, बाजूला काठी आणि एक तार, एवढाच त्याचा संसार. एकतारीही तशीच, भोपळा, काठी आणि तार. ज्याच्यापाशी पैसा नाही त्यानेही सूर धरावा अशी सोय आपल्या लोकांनी फार पूर्वी करून ठेवली होती. पंढरीच्या वारीत दिंडीमध्ये विणेकऱ्याला मान असतो. तोही राग आळवीत नाही, केवळ सूर धरतो. तेरच्या गोरोबाकाकांच्या या जिल्ह्यात हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र संबळ, तुणतुणे आणि वीणा ही बहुधा पुरुषांच्याच हाती राहिली. घरंदाज बाईने गावे ते देवघरात, पाळण्यापाशी आणि जात्यावर. वाद्य हाती धरणे म्हणजे पायरी सोडणे, अशी समजूत पक्की होती. रुद्रवीणेसारख्या भारदस्त वाद्याबद्दल तर बाईने ते वाजवू नये, तिला मूल होण्यास बाध येतो, असेही सांगितले जाई. कर्नाटकातील ज्योती हेगडे यांनी ती वीणा हाती घेतली व आयुष्यभर वाजविली, तेव्हा हा समज किती पोकळ आहे ते दिसून आले. आणि खालच्या सुराचे वाद्य बाईच्या हाती शोभत नाही असे ज्यांना वाटत असेल त्यांनी अन्नपूर्णादेवींचे नाव आठवावे. सतारीहून मोठे आणि खालच्या सुराचे सूरबहार हे त्यांचे वाद्य. त्या जाहीर मैफलीपासून दूर राहिल्या, परंतु मुंबईतील आपल्या घरी बसून त्यांनी मोठमोठे कलावंत घडविले. २०१८ साली त्या निवर्तल्या.

येथे मला माझा मुख्य मुद्दा मांडावयाचा आहे. वाद्यांचा इतिहास पाहिला की एक गोष्ट वारंवार दिसते. एखादे वाद्य लहान झाले, हलके झाले आणि स्वस्त झाले की, ज्यांना पूर्वी दार बंद होते असे हात त्याच्यापर्यंत पोचतात. मोठमोठ्या गवयांच्या चरित्रांत हे फारसे येत नाही. पण सामान्य माणसाच्या घरात गाणे आले ते याच वाटेने.

प्रथम आपल्या जवळची गोष्ट घेऊ. मिरजेला तंबोरे व सतारी होतात हे आपण ऐकून आहोत. हा धंदा तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उभा राहिला. तलवारी-भाले घडविणारे आणि त्यांना धार लावणारे शिकलगार तेथे होते. लढायांचे दिवस सरले तशी त्यांची शस्त्रे कोणी विकत घेईना. तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू यांनी आपले कसब वाद्यांकडे वळविले. ज्या हातांनी तलवारीला धार दिली त्याच हातांनी तंबोऱ्याच्या घोडीला जवारी लावली. आणि तंबोऱ्याला लागणारा भोपळा येतो कोठून? आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून. ज्या भीमेच्या काठी आपण वारीला जातो त्याच काठच्या शेतातला कडू भोपळा वाळून मिरजेला जातो व तेथे गाऊ लागतो. मिरजेची सतार व तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी शेवटची, सर्वांत जाड तार खर्जाची. ती छेडली की बाकीच्या तिन्ही तारांना अर्थ येतो. परंतु तंबोरा मोठा, नाजूक आणि महाग. तो आमच्यासारख्यांच्या घरी येणे कठीणच होते.

घरी आली ती पेटी. हार्मोनिअम हे वाद्य पॅरिसच्या आलेक्सांद्र देबें यांनी १८४० साली पेटंट करून घेतले. ते मेजासारखे मोठे, पायाने भाता मारावयाचे, खुर्चीवर बसून वाजवावयाचे. आपली बैठक जमिनीवरची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' पेढीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते लहान करून हातभात्याचे केले, आणि मग पेटी मांडी घालून बसणाऱ्या माणसाची झाली. नाटक कंपन्या, कीर्तने, शाळा, प्रार्थना, भजनी मंडळे, सगळीकडे ती गेली. मोठ्या गवयांना व विद्वानांना हे रुचले नाही. पेटीला मींड येत नाही, तिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, असे आक्षेप आले आणि ते अगदीच खोटे नव्हते. १९४० सालापासून आकाशवाणीने तर पेटीला दार बंदच केले, आणि ते किलकिले होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. तीस वर्षांहून अधिक काळ रेडिओवर पेटी नव्हती. पण त्याच काळात खेडोपाडी देवळांत ती वाजतच होती. तिला घरात घेणाऱ्यांनी आकाशवाणीची परवानगी विचारली नाही. पेटी तयार करणारे कारागीर तिच्या पट्ट्यांच्या संचांना खर्ज, नर आणि मादी अशी नावे देतात. सर्वांत खालच्या सुराला त्यांनीही खर्ज म्हणूनच ओळखले आहे.

दुसरे उदाहरण बेंजोचे. लग्नाच्या वरातीत बेंजो पार्टी नाही असे सहसा होत नाही. हे वाद्य मूळचे जपानचे. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी टंकलेखन यंत्राच्या कळांवरून कल्पना घेऊन १९१२ च्या सुमारास ते तयार केले. तारांवर कळा बसविल्यामुळे ज्याला बोटे तारेवर ठेवणे जमत नाही त्यालाही सूर काढता येऊ लागला. जपानात त्याला तैशोगोतो म्हणतात; आपल्याकडे ते बुलबुल तरंग झाले आणि रस्त्यावर उतरल्यावर बेंजो झाले. स्वस्त होते म्हणूनच ते गल्लीबोळांत पोचले.

आता युकुलेलीकडे येते. अटलांटिक महासागरात मदेरा नावाचे पोर्तुगीजांचे बेट आहे. तेथे चार तारांचे एक चिमुकले वाद्य गरिबांच्या घरी वाजत असे. त्या बेटावर उपासमार आली तेव्हा लोक पोटासाठी परागंदा होऊ लागले. हवाई बेटांत उसाचे मळे होते व मजूर हवे होते. २३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेव्हन्सक्रॅग' नावाचे जहाज मदेराहून चारशेहून अधिक माणसे घेऊन होनोलुलूच्या बंदराला लागले. त्यांत मानुएल नुनेस, जुझे दु इस्पिरितु सांतु आणि आउगुस्तु दियाश असे तीन सुतार होते. मळ्यातील कराराची मुदत संपल्यावर या तिघांनी शहरात दुकाने मांडली आणि तेथील कोआ नावाच्या लाकडापासून ही वाद्ये करावयास आरंभ केला. हवाईच्या लोकांनी त्यास युकुलेली म्हटले. त्याचा अर्थ उड्या मारणारी पिसू, असे सांगतात. वाजविणाऱ्याची बोटे तारांवर तशी उडतात! हवाईचा राजा कालाकाउआ याला ते इतके आवडले की त्याने दरबारात त्याला मान दिला. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात अमेरिकेने ते ऐकले आणि मग ते जगभर गेले. ऊस तोडण्यासाठी जहाजातून गेलेल्या माणसांचे हे वाद्य. आपल्या मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला बिऱ्हाडे जातात. तेव्हा हे वाद्य आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही.

पण युकुलेलीचा आवाज बारीक. खर्जासाठी पाश्चात्य संगीतात माणसाच्या उंचीहून मोठे असे डबल बेस नावाचे वाद्य असे. ते उभ्याने वाजवावयाचे व वाहून न्यावयास गाडी हवी. १९५१ साली अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली आणि खर्ज खांद्याला अडकविता येऊ लागला. तरी तिच्या तारा लोखंडी आणि त्यांची लांबी ३४ इंच. लहान चणीच्या बाईचा हात तिच्या शेवटापर्यंत पोचणे अवघड, आणि उतारवयात खांद्याला तो भार सोसणेही अवघड.

तार आखूड केली तर काय बिघडते, हे समजून घेण्यासारखे आहे. तीच तार त्याच ताणावर ठेवून अर्धी केली तर तिचा सूर एक सप्तक वर जातो. आखूड तारेवर खर्ज हवा असेल तर ती जाड व जड तरी करावी लागते किंवा सैल तरी सोडावी लागते. लोखंडी तार फार सैल केली की ती नुसती खडखडते. यावर इंग्लंडमधील दोघा कारागिरांनी १९८६ च्या सुमारास ॲशबोरी नावाच्या बेसमध्ये सिलिकॉनच्या रबरी तारा लावून तोड काढली. त्या तारा केवळ १८ इंचांच्या होत्या, तरी आवाज भरदार आला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ओवेन होल्ट यांनी हीच युक्ती युकुलेलीच्या घाटाला जोडली, आणि काला कंपनीने ते वाद्य बाजारात आणले. पुढे इतर कारखान्यांनी तशीच वाद्ये काढली व किंमत उतरत गेली. भगिनींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे. तारा रबरासारख्या आहेत म्हणूनच एवढ्याशा वाद्यातून एवढा खालचा सूर निघतो, आणि म्हणूनच त्या बोटांना कापत नाहीत.

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हे वाद्य माझ्या हाती आले. माझ्या नातवाने पुण्यात कोणाचे तरी वापरलेले वाद्य एका साध्या शिलाई यंत्राच्या किमतीत घेतले होते व त्याचे लक्ष दुसरीकडे गेले होते. घरात सुना आल्या होत्या, दुपारी तास-दीड तास माझा स्वतःचा झाला होता. त्या तासात मी हे शिकले. गुरू म्हणून भजनातले पेटीवाले आणि माझा स्वतःचा कान, एवढेच.

आपल्या भजनाला ते कसे बसते तेही सांगते, म्हणजे कोणास करून पाहावयाचे असेल तर सोपे जाईल. चार तारा पाश्चात्य रीतीने ई, ए, डी, जी अशा मिळविलेल्या असतात. आपण बायका बहुधा काळी चारच्या सुमारास गातो. सर्वांत जाड तारेवर चौथ्या पडद्यावर बोट ठेवले की काळी चारचा सा मिळतो. शेजारच्या दुसऱ्या तारेवर चौथ्याच पडद्यावर मध्यम, आणि सहाव्या पडद्यावर पंचम. तिसऱ्या तारेच्या सहाव्या पडद्यावर वरचा सा. एवढ्या चार जागा कळल्या की पुष्कळशा अभंगांचे काम भागते. बाईच्या काळी चारच्या षड्जाची कंपने सेकंदास सुमारे २०८. या वाद्यावरील सा सुमारे ५२ कंपनांचा, म्हणजे बरोबर दोन सप्तके खाली. दोन्ही सूर एकमेकांना नेमके जुळतात, म्हणून गाणारीला आधार वाटतो. आठ मात्रांच्या ठेक्यात पहिल्या मात्रेवर सा आणि पाचवीवर पंचम, याहून अधिक काही सुरुवातीला करू नये. घाई करणारीचे हे वाद्य नव्हे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. नुसत्या लाकडाचा त्याचा आवाज लहान खोलीपुरताच पोचतो. देवळात, टाळांच्या गजरात, ते ऐकू यावयाचे तर लहानसा ध्वनिवर्धक लागतो, आणि तो खर्च वेगळा धरावा. वापरलेले वाद्य घेताना दांडी वाकलेली नाही ना, खुंट्या घट्ट बसतात ना, तार पडद्यापासून फार उंच नाही ना आणि आतली बॅटरी गंजलेली नाही ना, एवढे पाहून घ्यावे. तारा नव्या असल्या की काही दिवस सारख्या उतरतात; रोज मिळवीत राहिले की त्या स्थिर होतात. नव्या सुनेसारखेच आहे, थोडा अवधी द्यावा लागतो.

आता त्या चौथ्या प्रश्नाकडे वळते. या वयात हे कशाला? शिकण्याचे वय सोळा, असे मानणाऱ्यांना आपल्याच महाराष्ट्राने उत्तर दिलेले आहे. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदनचे काम उभे केले ते प्रौढ स्त्रियांना शिकता यावे म्हणूनच. ज्या वयात बाईने आता माळ ओढावी असे म्हणत, त्या वयाच्या बायका तेथे पाटी घेऊन बसल्या. ८ मार्च २०१६ रोजी ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी उलटलेल्या, कोणी ऐंशी-नव्वदीच्या, अशा आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन अक्षरे गिरवू लागल्या. आपले नाव स्वतःच्या हाताने लिहिता यावे, एवढीच त्यांची इच्छा. आणि कलावंतांतले उदाहरण हवे असेल तर पंडित हरिप्रसाद चौरसिया यांचे घ्यावे. बासरीवादक म्हणून नाव झाल्यावर ते अन्नपूर्णादेवींकडे शिकावयास गेले, आणि जुने सर्व विसरून नव्याने आरंभ करण्यासाठी त्यांनी बासरी धरण्याचे हातच बदलले. आलेली विद्या बाजूला ठेवून पुन्हा पहिलीत बसणे ज्याला जमते त्याला वय आडवे येत नाही.

माझा स्वतःचा अनुभव तर असा की, खर्जाचे वाद्य उतारवयालाच अधिक साजते. तरुण बोटांना चपळाई असते, त्यांना सारखे काहीतरी करावेसे वाटते. खर्ज धरणाऱ्याने मात्र थांबावयास शिकावे लागते. दुसरी गाते तेव्हा तिला पुढे जाऊ द्यावे, ती डगमगली तर सूर सोडू नये, आणि ती सुंदर गायली तर तिचेच कौतुक व्हावे. बायकांना हे कोणी शिकवावयास नको. चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईने दुसरे काय केलेले असते? फरक इतकाच की, संसारात हे काम केल्याचे कोणाला ऐकू जात नाही, आणि येथे ते स्वतःच्या कानांनी ऐकू येते. हातांचेही तसेच. ज्या हातांनी जन्मभर भाकरी थापली त्या हातांना ठेका शिकवावा लागत नाही.

आता एक सूचना मांडून लेख पुरा करते. आपल्या गावात व आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ज्यांना जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ आहेत अशा वृद्ध बायका अजून आहेत, पण त्या थोड्या उरल्या आहेत आणि दरवर्षी त्यांतील एखादी कमी होते. तिच्याबरोबर तिच्या ओव्याही जातात. आज कोणाच्याही फोनवर आवाज उतरवून ठेवता येतो. मंडळाने येत्या वर्षात दर महिन्याला एका आजीला मानाने बोलवावे, तिच्या ओव्या उतरवून घ्याव्यात आणि कोणत्या गावची, कोणाकडून शिकली, हेही तिला विचारून लिहून ठेवावे. गाताना तिला पोकळ वाटू नये म्हणून खाली खर्ज धरावयास मी आहे. मी आज आहे, उद्या नसेन. म्हणून मंडळाच्या पैशातून असे एक वाद्य घेऊन ठेवावे व ज्या भगिनीला दुपारचा तास मोकळा आहे तिने ते घरी न्यावे, असेही माझे म्हणणे आहे. मंडळापाशी सतरंज्या आहेत, मोठी पातेली आहेत, ती जशी आळीपाळीने घरोघर जातात तसेच हेही जाईल.

जाते पुन्हा फिरावे असे कोणालाच वाटत नाही, आणि वाटूही नये. पण त्याच्या घरघरीने आमच्या आज्यांच्या शब्दांना जो आधार दिला तो आधार आता कष्टांवाचून देता येतो. त्यासाठी चार तारा, थोडी सवड आणि दुसरीला गाऊ देण्याची तयारी एवढेच पुरे. मंडळातील सर्व भगिनींना वर्धापनदिनाच्या शुभेच्छा.